चुंबक चिकटलं नाही म्हणून ३०४ होत नाही ओ ताई

पत्र आलंय खानापूर तालुक्यातनं. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात म्हणून नुसतं ताई म्हणतो. पत्र चार पानी आहे, मुद्दा तेवढा सांगतो. ताईंनी दीड वर्षापूर्वी घरच्या घरी लोणच्याचा धंदा सुरू केला, आधी गल्लीत, मग बेळगावच्या दोन-तीन दुकानांत माल जायला लागला, म्हणून मागच्या उन्हाळ्यात त्यांनी शंभर लिटरची दोन स्टीलची पिंपं घेतली, कैऱ्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवायला. दुकानदारानं खिशातनं चुंबक काढून पिंपाला लावलं आणि म्हणाला, "चिकटतंय काय बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल ३०४." (३०४, ३१६, २०२ हे स्टेनलेस स्टीलच्या प्रकारांचे, म्हणजे ग्रेडचे, नंबर.) पावसाळा सरायच्या आत पिंपाच्या तळाला आणि वेल्डिंगच्या जोडावर तांबूस ठिपके आले. सासूबाई म्हणतात, "स्टीलला कुठं तांबेरा येतो काय, तुला गंडवलंय, माझी बरणी काय वाईट होती?" नवरा दुकानात जाऊन भांडायच्या तयारीत आहे. पुण्याचे दीर फोनवर म्हणाले की ३१६ घ्यायला पाहिजे होतं, वहिनी. आणि आता नवीन टेबल, सिंक, कढई करून घ्यायचीय, फॅब्रिकेटरनं २०२ चा एक आणि ३०४ चा एक असे दोन भाव दिलेत, तर मी फसले काय, ती कैरी खाण्यात गेली तर काही होईल काय, आणि नवीन काय घेऊ, असे ताईंचे तीन प्रश्न.

ताई, उत्तर आधी सांगतो, कारणं मागनं. दुकानदारानं तुम्हाला ३०४ म्हणून दुसरंच काहीतरी दिलं असेल, शक्य आहे. पण ठिपके त्यामुळंच आले असं मला वाटत नाही, खरं ३०४ असतं तरी आलेच असते, फारतर महिना-दोन महिने उशिरा. दिरांचं ऐकून ३१६ घेतलं असतं तर दीडपटीच्या आसपास पैसे मोजून तुम्ही थोडा वेळ विकत घेतला असता, बाकी काही नाही. या भानगडीत सगळ्यात बरोबर कोण असेल तर सासूबाई. (हे वाक्य घरात मोठ्यानं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा.)

आता चुंबकाचं घ्या. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, माझं फॅब्रिकेशनचं शेड होतं, अठ्ठावीस वर्षं पत्रा कापला, वाकवला, जोडला, आणि या अठ्ठावीस वर्षांत जितकी गिऱ्हाइकं खिशात चुंबक घालून आली तितकी पैसे घालून आली असती तर आज मी टिळकवाडीत बंगल्यात बसून हे सदर लिहिलं असतं. चुंबक काय सांगतं, तर स्टीलच्या आतली रचना कुठली आहे तेवढं. ३०४ ला चिकटत नाही हे खरं. पण २०२ ला पण चिकटत नाही, २०१ ला नाही, भांडीबाजारात ज्याला जे-फोर म्हणतात त्याला नाही, आणि दिरांच्या ३१६ ला पण नाही. म्हणजे सगळ्यात महागाला चिकटत नाही आणि जवळजवळ सगळ्यात स्वस्तालाही चिकटत नाही, मग त्या चुंबकानं तुम्हाला सांगितलं काय? वर आणि उलटी गंमत अशी की खऱ्या ३०४ चं भांडं प्रेसमध्ये दाबून काढलं की कोपऱ्याला, काठाला चुंबक थोडं थोडं धरतं, थंड ताणल्यामुळं त्याची रचना तिथं बदलते, आणि मग चांगला माल दिलेल्या दुकानदारालाच गिऱ्हाईक चोर म्हणतंय.

चिकटलं म्हणजे खोटं स्टील, हे पण तसंच. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रेअरलीनं जे पहिलं न गंजणारं स्टील ओतलं, बंदुकीची नळी लवकर झिजू नये म्हणून शोधाशोध चालली होती त्यात, त्यात १२.८ टक्के क्रोमियम होतं आणि त्याला चुंबक अगदी मस्त चिकटायचं. आजचे ४१०, ४२० हे त्याच्याच घराण्यातले. तुमच्या घरातली स्टीलची सुरी घ्या आणि चुंबक लावून बघा, चिकटणारच, चिकटलीच पाहिजे, कारण सुरीचं स्टील तापवून विझवून कडक करायचं असतं आणि ३०४ तसं पाणी दिल्यानं कडक होत नाही. ३०४ ची सुरी कुणी फुकट दिली तरी घेऊ नका, दोन कांद्यात धार जाईल.

मग हे आकडे म्हणजे काय भानगड आहे. स्टेनलेस म्हणजे शेवटी लोखंडच, त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम घातलेलं. ते क्रोमियम हवेतला ऑक्सिजन धरून पृष्ठभागावर एक साय तयार करतं, डोळ्यांना दिसणार नाही इतकी पातळ, मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातले दोन-चार भाग. दुधाची साय चमच्यानं बाजूला केली तर परत धरते ना, तशी ही पण ओरखडा पडला तर परत धरते, हवा मिळाली की. सगळं स्टेनलेस या सायीवर जगतंय. आणि मीठ या सायीचा वैरी, मिठातलं क्लोराइड ती साय बारीक बारीक जागी फोडतं आणि तिथं खाली हवा पोचली नाही की साय परत धरत नाही, मग त्या एका टिंबात स्टील खोल खात जातं. वरनं टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, आत विहीर.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, चमच्यावर १८/८ लिहिलेलं असतं ते हेच. ३१६ मध्ये क्रोमियम जरा कमी पण निकेल जास्त, १० च्या वर, आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, जे मिठाशी झुंजायला घालतात. २०२ मध्ये निकेल निम्मं, ४ ते ६ टक्के, त्याची जागा मँगनीज आणि थोडा नायट्रोजन घेतात, मँगनीज साडेसात ते दहापर्यंत जातं. जे-फोर मध्ये निकेल आणखी खाली, एक टक्क्याच्या आसपास, क्रोमियमही कमी, आणि पत्रा नीट खेचला जावा म्हणून थोडं तांबं. ४३० मध्ये क्रोमियम १६ ते १८ आणि निकेल जवळजवळ नाहीच, याला चुंबक चिकटतं. एवढे पाच लक्षात ठेवले की स्वयंपाकघराचं काम भागतं. ४०९ गाडीच्या सायलेन्सरचं, ४१० पंपाच्या शाफ्टचं, ३०३ लेथवर बोल्ट-नट झटपट कापले जावेत म्हणून गंधक घातलेलं आणि त्यामुळं वेल्डिंगला नालायक, ३१० भट्टीतलं, त्यांच्याशी तुमचा काही संबंध नाही. उद्यमबागेतल्या एखाद्या फौंड्रीत गेलात आणि व्हॉल्व्हवर सीएफ८ किंवा सीएफ८एम ओतलेलं दिसलं तर ती ३०४ आणि ३१६ चीच ओतीव भावंडं, एवढं कळलं तरी तिथं लोक तुम्हाला खुर्ची देतील.

२०२ ला लोक उगीच शिव्या घालतात असं माझं मत आहे. ते काही भेसळ करायला काढलेलं स्टील नाही, निकेलची टंचाई झाली तेव्हा, दुसऱ्या महायुद्धाच्या आणि नंतर कोरियाच्या लढाईच्या काळात, अमेरिकेत हा मँगनीजचा मार्ग काढला. निकेलचा भाव म्हणजे वेडं वासरू. मार्च २०२२ मध्ये लंडनच्या मेटल एक्स्चेंजवर निकेल टनाला एक लाख डॉलरच्या वर गेलं आणि त्यांना व्यवहारच थांबवावा लागला. अशा वेळी ३०४ चा भाव पण उडतो आणि मग छोटा दुकानदार हळूच २०२ कडं सरकतो. सरकू दे, काही हरकत नाही. जिन्याचं घरातलं रेलिंग, रॅक, ताटाळं, टेबलाचे पाय, धान्याचा डबा, पाण्याची कळशी, रोजच्या रोज घासून पुसून ठेवणारं भांडं, सगळं २०२ मध्ये वर्षानुवर्षं चालतं. रागाची गोष्ट एकच, २०२ देऊन ३०४ चे पैसे घेणं. त्याला शिवी द्या, स्टीलला नको.

आता तुमच्या पिंपाकडं येऊ. कैरीला तुम्ही लिटरला किती मीठ घालता ते पत्रात नाही, पण टिकाऊ खाराला शंभर ग्रॅमच्या खाली कुणी जात नाही असं धरतो. मिठात वजनानं साठ टक्के क्लोराइड असतं, म्हणजे लिटरला साठ ग्रॅम, धंद्याच्या भाषेत साठ हजार पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग, ते पीपीएम). फॅब्रिकेशनच्या लाइनीत आम्ही जो ठोकताळा वापरतो तो असा, की थंड पाण्यात ३०४ साधारण दोनशे पीपीएमपर्यंत बिनघोर, ३१६ हजारापर्यंत. आणि कारवारच्या समुद्रात क्लोराइड एकोणीस हजारांच्या आसपास. बघा म्हणजे, तुमचं पिंप समुद्राच्या तिप्पट खारट पाणी पोटात घेऊन महिनोन्महिने बसलं होतं, वर कैरीचा आंबटपणा वेगळा, आणि झाकण बंद, हवा नाही. त्यात मीठ नीट न विरघळता तळाला बसलं असणार, कारण तुम्हीच लिहिलंय की ठिपके तळाला जास्त आहेत. अशा जागी ३१६ पण हात टेकतं. यापेक्षा वरची स्टील्स आहेत, ड्युप्लेक्स वगैरे, पण ती केमिकल फॅक्टरीवाल्यांची, त्या भावात लोणचं विकायला गेलात तर गिऱ्हाईक बरणी परत करेल.

वेल्डिंगच्या जोडावर ठिपके का, ते पण सांगतो, इथं दुकानदार नसला तरी कारागीर जबाबदार आहे. आर्गन वेल्डिंग केलं की जोडाच्या दोन्ही अंगांना निळसर-सोनेरी पट्टा येतो. बघायला छान दिसतो म्हणून काही जण तसाच ठेवतात. तो पट्टा म्हणजे जळालेली साय, त्याच्या खालचं क्रोमियम कमी झालेलं असतं आणि गंज पहिला तिथनंच घुसतो. तो पट्टा पिकलिंग पेस्ट लावून किंवा घासून, पॉलिश करून काढायला लागतो. पिकलिंग पेस्टमध्ये नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अॅसिड असतंय, कातडीतनं आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं, तेव्हा ते काम फॅब्रिकेटरच्या शेडमध्येच, हातमोजे चष्मा घालून, घरी परसात बिलकूल नाही. ३०४एल, ३१६एल असं एल लावलेलं जे ऐकता ते कार्बन कमी केलेलं, वेल्डिंगच्या आजूबाजूला स्टील कमजोर पडू नये म्हणून. जाड पत्र्याला ते महत्त्वाचं, तुमच्या टेबलासारख्या पातळ पत्र्याला फारसा फरक पडत नाही, कुणी एल च्या नावानं जादा पैसे मागितले तर देऊ नका.

आणि तिसरं एक कारण असतंय, ते मी स्वतः भोगलंय. शेड नवीन होतं तेव्हा, एका हॉटेलवाल्याला ३०४ चं मोठं टेबल करून दिलं, पत्रा मी स्वतः बिल बघून आणलेला, शंका घ्यायला जागाच नाही. तीन आठवड्यांत त्याचा फोन, "काय ओ, टेबल नुसतं तांबडं झालंय, मिरच्या वाळत घातल्यासारखं." गेलो. खरंच झालेलं. पाटीभर ठिपके, सगळे एकाच बाजूला. रात्रभर झोप नाही. सकाळी शेडमध्ये येऊन उभा राहिलो आणि डोळ्यांसमोर उत्तर, आमचा पोरगा टेबलापासनं चार हातांवर एमएसच्या, म्हणजे साध्या लोखंडाच्या, अँगलला ग्राइंडर मारत होता आणि ठिणग्यांचा झोत सरळ बाजूच्या स्टीलवर. त्या ठिणग्या म्हणजे साध्या लोखंडाचे तापलेले कण, ते स्टीलला चिकटून बसतात आणि पहिल्या दमट हवेत गंजतात. गंजत होतं लोखंड, बदनाम झालं ३०४, आणि त्याच्याबरोबर मी. टेबल परत आणून साफ करून दिलं, पैसे मागितले नाहीत. त्या दिवसापासनं एमएसचं काम पडदा लावून वेगळं, ब्रश वेगळा, कटिंग व्हील वेगळं. तुम्ही फॅब्रिकेटर निवडताना त्याच्या शेडमध्ये जाऊन एवढंच बघा, लोखंड आणि स्टील एकाच टेबलावर घासूलाय काय. घासत असेल तर चहा पिऊन परत या.

तुमच्या पिंपाला नक्की काय झालंय ते कसं ओळखायचं? पिंप रिकामं करा, साबणानं धुवा. मग कोमट पाण्यात लिटरला शंभर ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून त्यात कापड भिजवून ठिपक्यांवर तासभर ठेवा, हातमोजे घालून. नंतर भरपूर पाण्यानं धुवून कोरडं पुसा. डाग गेला आणि नख फिरवलं तर गुळगुळीत लागलं, म्हणजे वरवरचं होतं, ठिणग्यांचं किंवा पाण्यातल्या लोखंडाचं. नख अडकलं, बारीक खड्डा लागला, म्हणजे मिठानं खाल्लंय, तो खड्डा पॉलिशनं भरून येत नाही. खड्डे पडलेलं पिंप टाकून देऊ नका, साखर ठेवा, मोहरीची डाळ ठेवा, कोरडं काहीही ठेवा, फक्त ओलं आणि खारट नको.

खाण्याबद्दल. गंज म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, तेवढ्यानं कुणाला विषबाधा होत नाही, घाबरू नका, ज्यांनी खाल्लं त्यांच्या घरी फोन करत बसू नका. पण आंबट-खारट पाण्यात स्टील खाल्लं जातं तेव्हा थोडं निकेल, क्रोमियम पण उतरतं, निकेलची अॅलर्जी असणाऱ्याला त्याचा त्रास होऊ शकतो, आणि खड्ड्यात जे अडकून बसतं ते धुऊन निघत नाही. त्यामुळं ठिपके दिसल्यावरही जो खार त्या पिंपात राहिला तो विकू नका. तळची कैरी काळसर पडली असेल किंवा चाखल्यावर जिभेला धातू लागत असेल तर ती सरळ टाका. नुकसान आहे, मान्य, पण नाव तुमचं आहे बरणीवर.

मग कैरी घालायची कशात? चिनी मातीची बरणी, आणि शंभर लिटरची बरणी कुठनं आणायची म्हणाल तर खाण्याच्या वस्तूंसाठीचा जाड प्लॅस्टिकचा पांढरा ड्रम, एचडीपीईचा, नवीन, रंगाचा किंवा केमिकलचा जुना धुऊन घेतलेला नव्हे. मोठी लोणचेवाली मंडळी खारातला माल प्लॅस्टिकच्या ड्रममध्येच ठेवतात, त्यांना स्टील परवडत नाही म्हणून नव्हे. आणि खानापुरात बसून तुम्ही मला बरणीबद्दल विचारावं, ही पण मजाच. कुंभारकामाची केंद्राची संस्था तुमच्या गावात, कौलांची माती तुमच्या तालुक्यातली, आणि निघालात स्टील घ्यायला बेळगावला. अर्थात साध्या भाजलेल्या मडक्यात खार ठेवायचा नाही, झिरपतो, आतनं बाहेरनं काचेसारखा लेप असलेलीच बरणी पाहिजे.

नवीन सामानाचं बघू. टेबलाचा वरचा पत्रा ३०४, १८ गेजचा, म्हणजे १.२ एमएम. तिथं मीठ पडणार, लिंबू पडणार, पण रोज संध्याकाळी धुतलं जाणार, त्यामुळं ३०४ ला काही होत नाही. पाय, खालची फळी, आडवे पाइप २०२ मध्ये करायला सांगा, उगीच सगळं ३०४ कशाला. यात किती वाचतंय ते वजनावर बघा. स्टीलच्या एक मीटर बाय एक मीटर पत्र्याचं वजन दर मिलिमीटर जाडीला आठ किलो. सहा फूट बाय अडीच फुटाच्या टेबलाला १.२ एमएमचा पत्रा साडेतेरा किलोच्या आसपास, काठ वाकवलेले धरून पंधरा-सोळा. म्हणजे महाग भाव तुम्हाला त्या पंधरा-सोळा किलोवरच द्यायचाय. हाच हिशोब उलटा लावून फॅब्रिकेटरचं बिल पण तपासता येतं, आठ बाय चारची १.२ एमएमची अख्खी शीट अठ्ठावीस-एकोणतीस किलो भरते, त्यानं त्याच शीटचे पस्तीस किलो लावले असतील तर वजनकाटा मागा. जाडीत चोरी ग्रेडपेक्षा जास्त होते, आणि ती पकडायला प्रयोगशाळा लागत नाही, जाडी मोजायचा व्हर्नियर पुरतो.

सिंक ३०४ च. सिंकमध्ये मिठाचं पाणी साचतं, कोपरे असतात, इथं पैसे वाचवू नका. कढई, फोडणीची मोठी पातेली, साखरआंबा-गूळआंब्याचा पाक, सगळं ३०४ मध्ये निर्धास्त करा, गुळाला स्टील घाबरत नाही, आणि शिजवायला ठेवलेलं तासा-दोन तासांत रिकामं होतंय, मुरत बसत नाही. फक्त मीठ कोरडं घालताना पाणी किंवा रस तापल्यावर घाला आणि हलवा, थंड भांड्यात तळाला मीठ टाकून ठेवलं की तिथं ठिपका पडलाच. इंडक्शनवर करणार असाल तर तळ चुंबक धरणारा लागतो, म्हणून चांगल्या भांड्यांत आत ३०४, मध्ये अॅल्युमिनियम आणि बाहेर ४३० असे तीन थर दाबलेले असतात, त्याला ट्रायप्लाय म्हणतात. दुकानात तिथं चुंबक लावा, तिथं ते उपयोगाचं आहे. कैरी कापायच्या सुऱ्या, अडकित्ते ४२० चे असतात, ते कापून झाल्या झाल्या धुवून पुसायचे, रात्रभर कैरीच्या चिकात पडले तर ठिपके येणारच, त्याला इलाज नाही.

३१६ तुम्हाला कुठंच लागत नाही. ते कुठं लागतं सांगू, माझ्या एका पाहुण्यांचं कारवारला घर, समुद्र गच्चीवरनं दिसतोय. मी हौसेनं ३०४ चं रेलिंग करून दिलं. वर्षभरात त्याच्यावर चहा सांडून वाळल्यासारखे तपकिरी ओघळ. आमच्या धंद्यात त्याला नावच आहे, चहाचे डाग. खोल खात नाही, पण दिसायला भिकार. तिथं ३१६ पाहिजे होतं, आणि आरशासारखं पॉलिश, कारण खरबरीत पृष्ठभागावर खारट दमटपणा धरून राहतो. तुमच्याकडं खानापूर-कणकुंबीला पाऊस धो धो आहे, पण तो गोड्या पाण्याचा, त्यानं उलट स्टील धुऊन निघतं. दिरांना नमस्कार सांगा आणि म्हणावं, पुण्यात पण लागत नाही.

ग्रेड कसं तपासायचं, चुंबक नाही तर काय? बाजारात छोट्या बाटल्या मिळतात, पत्रा घासून थेंब टाकायचा, नऊ व्होल्टची बॅटरी लावायची, मँगनीजवालं स्टील असेल तर थोड्याच वेळात रंग लालसर होतो, ३०४ ला होत नाही. घरगुती कामाला पुरे. त्याहून पक्कं पाहिजे तर मोठ्या भंगारवाल्याकडं जा. हसू नका. त्याचा सगळा धंदाच ग्रेडवर आहे, २०२ घेऊन ३०४ चा भाव दिला तर त्याचं दिवाळं निघेल, त्यामुळं त्याचा डोळा आणि त्याची गन, एक्सरेनं धातू ओळखणारी असते ती, दुकानदारापेक्षा खरं बोलते. उद्यमबागेत फौंड्रीवाल्यांसाठी केमिकल टेस्टिंग करणाऱ्या लॅब पण आहेत, छोटा तुकडा दिला की प्रत्येक धातू किती टक्के ते लिहून देतात. आणि नवीन माल घेताना बिलावर ग्रेड आणि जाडी लिहून घ्या, "एसएस टेबल एक नग" असलं बिल म्हणजे रद्दी. बिल कन्नडात असू दे, इंग्रजीत असू दे, ३०४ हा आकडा तिन्ही भाषांत तेवढाच असतो. फॅब्रिकेटरकडं पत्र्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावर हीट नंबर, म्हणजे पत्रा कुठल्या ओतीतला त्याचा नंबर, असतो. भांडी तयार घेणार असाल तर आयएसआय मार्क बघा, स्टीलच्या भांड्यांसाठीचं मानक आयएस १४७५६, केंद्रानं २०२४ मध्ये त्याच्या सक्तीचा आदेश काढलाय.

राहता राहिला दुकानदार. नवऱ्याला म्हणावं, शर्टाच्या बाह्या खाली करा. तपासणी न करता भांडायला गेलात तर तो म्हणेल, "मिठाचं पाणी ठेवायला कुणी सांगितलं?" आणि त्यात तो बरोबर निघेल, मग तुमचं खरं असलेलं पण खोटं होईल. आधी पिंपाची टेस्ट करा. ३०४ निघालं तर त्याचा काही दोष नाही, विषय संपला. २०२ किंवा जे-फोर निघालं आणि बिलावर ३०४ असेल, तर कागद घेऊन शांतपणे जा आणि भावातला फरक मागा किंवा माल परत घ्या म्हणा. बहुतेक जण कागद बघून नरमतात. नाहीच ऐकलं तर १९१५ वर फोन, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि पुढं बेळगावचा जिल्हा ग्राहक आयोग, तक्रारीचं कारण घडल्यापासनं दोन वर्षांची मुदत असते. धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला धंदा कायद्यात धरलेला आहे. बिलावर ग्रेडच लिहिलेलं नसेल, आणि मला वाटतंय नसणारच, तर मात्र तो चुंबकाचा खेळ हा तुमचा एकमेव पुरावा, त्यावर फार जोर लावू नका.

घासण्याबद्दल एक राहिलं. लोखंडी तारेची घासणी स्टीलला लावू नका, तिचे तुकडे अडकून तेच गंजतात. काथ्या, नारळाची शेंडी, हिरवी घासणी, काहीही. ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं अॅसिड सिंकच्या आसपास पण नको, त्यात क्लोराइडच असतं, आणि चकचकीत सिंक एका रात्रीत काळं पडलेलं मी बघितलंय.

तर ताई, दुकानदाराला फोन करायच्या आधी ते लिंबूसत्वाचं कापड लावा, वाळल्यावर तळाला नख फिरवा, आणि अडकलं की नाही ते मला एका ओळीत कळवा. दोन्ही पिंपांचं वेगवेगळं कळवा, कारण एकाच दुकानातली दोन पिंपं एकाच पत्र्याची असतात असं काही नाही.